जर्मनी, जपान आणि आमच्या यात्रेचा हगामा

आमच्या घरात फुटबॉल आला तो नवऱ्याच्या डब्यातून. सकाळी मी डब्यात भाकरी-पिठलं भरून द्यायची आणि संध्याकाळी रिकाम्या डब्याबरोबर एखादा देश घरी यायचा. नवरा सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तिथं मशिन बसवायला, बसवलेलं तपासायला आणि तपासलेलं पुन्हा उघडून बसायला परदेशातली माणसं येतात. दुसऱ्या कोणी त्यांना पगार विचारला असता, मुलंबाळं विचारली असती. आमच्या माणसानं भाषा बदलून देणारा मोबाईल त्यांच्या तोंडापुढं धरला आणि विचारलं, "तुमच्याकडं फुटबॉलचे खेळाडू कसे तयार करतात?"

कारण होती आमची पोरगी. आठवीत होती तेव्हा. शाळेच्या मागं दोन लिंबाच्या झाडांमध्ये पोरं चेंडू खेळायची आणि झाडांच्या मधे उभं राहायला कोणी तयार नसायचं, म्हणून हिला उभी केली. वाटलं असेल, रडत घरी जाईल. ही तिथंच रुतली. चेंडू आला की अंग टाकायची. रोज संध्याकाळी कोपर फुटलेलं, गुडघा फुटलेला, आणि तोंडावर असं हसू की ओरडायलाही जीव व्हायचा नाही. तरी मी ओरडायची, तो भाग वेगळा.

नगरला एक बाई आहेत, त्या मुलींचा संघ चालवतात. आता शहराचं नाव अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडात नगरच. बाईंनी एखादीला घेतलं की तिनं तिथल्या वसतिगृहात राहायचं, तिथल्याच शाळेत जायचं आणि सकाळ-संध्याकाळ खेळायचं. पुढं जिल्हा, त्याच्या पुढं आणखी काय काय. पोरीला तिथं जायचं होतं. जेवताना तेच, वेणी घालताना तेच. पण दहावी लागली की बाई नवीन मुलगी घेत नाहीत, तेव्हा जे काय व्हायचं ते याच वर्षी.

आणि मला काय हवं होतं? तिची निवड व्हावी असं मला जीव तोडून वाटत होतं, आणि तिनं जाऊ नये असंही तितकंच वाटत होतं. दोन्ही एकदम कसं वाटू शकतं, असं ज्याला विचारायचं असेल त्यानं आधी एक पोरगी वाढवावी आणि मग माझ्याशी बोलायला यावं.

तर पहिला आला जर्मनी. मशिन बसवायला आलेल्या एका उंचच उंच साहेबानं सांगितलं, आमच्याकडं एकदा संघ फार वाईट हरला, देशभर नामुष्की झाली, तेव्हा आम्ही सगळी व्यवस्थाच उलटीपालटी केली. गावोगावच्या पोरांसाठी जवळपास केंद्रं काढली, कुठलंही चांगलं पोर नजरेतून सुटू नये म्हणून. आणि शिकवणाऱ्यालाच आधी शिकायला बसवलं.

नवरा घरी आला तो चप्पल न काढताच बोलायला लागला. "शिस्त! सगळी शिस्त हाय बघ. आपल्या अंगणात आजपासून केंद्र."

"शिकवणाऱ्याला परीक्षा द्यावी लागती म्हणाले ना?"

"व्हय. लई अवघड असती म्हनं."

"मग तुमी कधी देताय?"

त्यानं ऐकलं नाही. त्याला नको ते कधीच ऐकू येत नाही, लग्नापासूनचं आहे ते. अंगणात पांढऱ्या फक्कीच्या रेघा पडल्या. रेघांवर ठेवायला खुणा हव्यात म्हणून माझ्या स्वयंपाकघरातले तांबे, कळशी आणि लोणच्याची बरणी बाहेर गेली. पोरगी त्यांच्यामधून नागमोडी पळायची, आणि नवरा शिट्टी फुंकायचा. मी शिलाई मशिनवर ब्लाऊज शिवत बसलेली असायची, आणि शिट्टी वाजली की माझी टीप वाकडी जायची. बरणी फुटली त्या दिवशी जर्मनी संपला. कैरीचं लोणचं होतं, वर्षाचं. मी काय बोलले ते इथं लिहीत नाही.

मग जपान आला. जपानी साहेब बारीक, हळू बोलणारा. तो म्हणाला, आमच्याकडं प्रत्येक पोराला स्वतःचा चेंडू. लहानपणी डाव खेळण्याआधी त्या चेंडूशी मैत्री. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, रोज, न कंटाळता. शाळेच्या संघात धाकट्यांनी थोरल्यांचा मान ठेवायचा, आणि खेळ झाला की मैदानाला वाकून नमस्कार करायचा, कचरा उचलायचा, मग घरी.

आमच्या शाळेत सगळ्या वर्गांना मिळून एक चेंडू होता. तो पीटीच्या सरांच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली सरांच्या घरी. त्यामुळं नवऱ्यानं नगरहून चेंडू आणला आणि पोरीला ताकीद दिली, हा आता तुझा जोडीदार. पोरगी चेंडू उशाशी घेऊन झोपायला लागली. अंगणाला वाकून नमस्कार करायला लागली. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, "काय गं, काही नवस बोललीस का?" मी म्हणायची, "जपानचा हाय."

खरं सांगायचं तर मला जपान आवडला होता. पोरगी आपले मोजे आपण धुवायला लागली, ताट उचलायला लागली. मी नवऱ्याला म्हटलं, आता घरातल्या थोरल्या खेळाडूनंही ताट उचलावं. तर दुसऱ्या दिवशी जपान बंद आणि ब्राझील चालू.

ब्राझीलचं कोणी कारखान्यात आलं नव्हतं, ते मोबाईलवर सापडलं. तिथली पोरं म्हणे बोळात, वाळूत, फरशीवर, लहान जागेत, लहान आणि जड चेंडूनं खेळतात. जागा नसते म्हणून पाय चलाख होतात. नवऱ्यानं इकडं तिकडं पाहिलं. आमच्याकडं लहान जागा एकच, कांद्याच्या चाळीतला बोळ. दोन्ही बाजूंना छातीपर्यंत कांदा आणि मधे एक माणूस आडवा चालेल एवढी वाट. तिथं अनवाणी पोरगी उभी केली आणि हा समोरून चेंडू मारणार. चेंडू थांबायचा, पण प्रत्येक वेळी कांद्याचा एक ढीग घसरायचा. ब्राझीलमध्ये कांदा साठवत नसावेत. आठवडाभर आम्ही सगळे कांदे निवडत होतो, आणि पोरीच्या हातापायाला कांद्याचा वास येतो म्हणून वर्गात शेजारची मुलगी बसायला तयार नव्हती.

आइसलँड तर मला ऐकूनच हसू आलं. एवढासा देश, बाराही महिने गारठा, म्हणून त्यांनी मोठाली छपरं बांधून आतली हवा उबदार ठेवली आणि आत मैदानं केली. पोरं बर्फातही खेळतात. आणि शिकवणारे गावोगाव, शिकून तयार झालेले.

"ऊब मिळावी म्हणून बिचारे किती खर्च करतात बघ," नवरा म्हणाला.

एप्रिल लागत होता. आम्ही पत्र्याच्या शेडखाली बसलो होतो. म्हशीसुद्धा तोंड उघडून उभ्या होत्या.

"त्यांना म्हनावं इकडं या," मी म्हटलं. "ऊब पायजे तेवढी घेऊन जा, वर पत्रेबी न्या."

फ्रान्सचं मात्र मी लक्ष देऊन ऐकलं. तिथं म्हणे निवडक पोरं तेराव्या वर्षी मोठ्या केंद्रात राहायला जातात, पण शनिवार-रविवार घरी येतात. आईकडं जेवतात, आपल्या गावच्या संघातून खेळतात आणि परत जातात. सगळ्या जगात तेवढा एकच देश मला शहाणा वाटला. आई नावाचं काही असतं हे त्यांच्या ध्यानात राहिलं होतं. मी नवऱ्याला म्हटलं, बाईंना विचारा, तुमचं वसतिगृह फ्रान्ससारखं हाय का. त्यानं विचारलं नाही. मला वाटतं त्यालाही उत्तर नको होतं.

एवढे देश झाले तरी घरातल्या एका माणसानं तोंड उघडलं नव्हतं. माझे सासरे. गाव त्यांना वस्ताद म्हणतं. तरुणपणी पंचक्रोशीत कुस्त्या मारल्या आणि आता गावच्या तालमीत पोरांना कुस्ती शिकवतात. फुटबॉलबद्दल त्यांचं मत एकच होतं, ज्या खेळात माणूस माणसाला हात लावत नाही त्यात हरला कोण हे कळायचं कसं? पण एका संध्याकाळी पोरगी अंगणात आडवी पडताना त्यांनी पाहिली आणि त्यांचा चेहरा असा झाला जसा माझा शिवणीत फुगा आला की होतो.

"हिला पडायचं कोनी शिकवलं?"

नवरा म्हणाला, "पडायचं काय शिकवायचं आबा? पडतंच की मानूस."

"तुझ्या जर्मनीत पडत न्हाईत का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे मामंजी नातीला तालमीत घेऊन गेले. तालमीतली लाल माती म्हणजे साधी माती नव्हे. तिच्यात ताक, तेल आणि हळद घालून ती मऊ केलेली असते. माझा हळदीचा डबा रिकामा का होत होता ते मला त्या आठवड्यात कळलं. तिथं त्यांनी पोरीला पडायला शिकवलं. खांद्यावर पडायचं, कुशीवर पडायचं, पडता पडता उठायचं, पण पाठ जमिनीला लावायची नाही. "पाठ टेकली की संपलं," एवढंच त्यांचं शास्त्र. पंधरा दिवसांत पोरीचे कोपर फुटायचे बंद झाले. नवरा मनातून चिडला होता, पण बापापुढं बोलणार काय.

इकडं नवऱ्यानं बाईंना व्हिडिओ पाठवले. बाई फोनवर म्हणाल्या, "अंगणातल्या व्हिडिओवरून मला काही कळत नाही हो. खरा सामना दाखवा. समोर खरा संघ हवा. मी येऊन बघते, पण एकदाच येईन."

खरा सामना कुठून आणायचा? तेव्हा चैत्रातली गावची यात्रा जवळ आली होती. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी हगामा असतो, म्हणजे कुस्त्यांचं मैदान. हलगी वाजते, लांबलांबचे पैलवान येतात, जिंकणाऱ्याला फेटा. नवऱ्याच्या डोक्यात आलं की कुस्त्यांच्या आधी तिथंच मुलींचा फुटबॉलचा सामना घ्यायचा. पारनेरच्या एका शाळेत मुलींचा संघ होता, त्यांच्या सरांनी टेम्पोनं मुली आणायचं कबूल केलं. आमच्या गावातल्या मुली गोळा करून पोरीनंच एक संघ उभा केला. मी कांद्याच्या लाल जाळीच्या गोण्या उसवून, एकमेकींना जोडून दोन मोठ्या जाळ्या शिवल्या. शिवताना मनात यायचं, मी पोरीला घालवायची तयारी माझ्याच हातानं करतेय, आणि तरी टीप दुहेरी मारायची.

नवरा यात्रा कमिटीपुढं गेला. कमिटीचे सगळे म्हातारे पूर्वीचे पैलवान आणि मुख्य पंच आमचे मामंजी.

"घ्या की," कमिटी म्हणाली. "पन हगाम्यात जे हुईल ते हगाम्याच्या नियमानं."

"व्हय व्हय," नवरा म्हणाला. त्याला वाटलं, दारू पिऊन यायचं नाही, भांडणं करायची नाहीत, असलं काहीतरी.

मामंजींनी एकच प्रश्न विचारला. "यात जिंकला कोन ते कसं कळतं?"

"चेंडू जाळीत गेला की."

"बस," मामंजी म्हणाले. झालं त्यांचं शिक्षण.

ज्या माणसानं घरात जर्मनीपासून ब्राझीलपर्यंत व्याख्यानं दिली, त्यानं सख्ख्या बापाला एवढं सांगितलं नाही की गोल एकापेक्षा जास्त होऊ शकतात आणि वेळ संपेपर्यंत खेळ चालतो. आजही मला ते आठवलं की मी भांडी जरा जोरात आपटते.

हगाम्याच्या दिवशी देवळामागचं पडीक शेत माणसांनी भरलं. बायकांसाठी एका बाजूला मांडव होता. नगरच्या बाई आल्या. सडसडीत, डोक्यावर टोपी, पायात बूट. कमिटीनं त्यांना नारळ दिला, खुर्ची दिली. त्या खुर्ची सोडून माझ्या शेजारी सतरंजीवर येऊन बसल्या. "इथून जाळी नीट दिसते," म्हणाल्या. त्या कोण ते मला माहीत होतं, मी कोण ते त्यांना माहीत नव्हतं. मी पदर सारखा केला आणि त्यांना सतरंजीवर जागा करून दिली. छातीत असं धडधडत होतं की वाटलं हलगी माझ्याच आत वाजतेय.

सामना सुरू झाला. आमच्या पोरी चेंडूमागं मधमाश्यांसारख्या एकगठ्ठा पळाल्या. पारनेरच्या मुली शिकलेल्या होत्या. त्यांनी चेंडू इकडून तिकडं दिला, आणि त्यांची एक उंच, लंबाडी पोरगी मोकळी सुटली. तिनं मारला. आमची पोरगी झेपावली, पण पाय मातीच्या ढेकळावर फिरला आणि ती कुशीवर न पडता सपशेल उताणी पडली. चेंडू जाळीत. माझी टीप मजबूत होती, जाळी फाटली नाही.

आणि मग शिट्टी, हलगी, गुलाल! मामंजी तरातरा मैदानात गेले, त्या लंबाडीचा हात धरून वर केला आणि ओरडले, "निकाली! चीतपट!" त्यांच्या दृष्टीनं काही शंकाच नव्हती. चेंडूही जाळीत आणि पाठही जमिनीवर. अख्खं गाव आत घुसलं. कोणी त्या पोरीला फेटा बांधला, कोणी तिला खांद्यावर घेतली. ती बिचारी वरून ओरडत होती, "अहो, आत्ता तर सुरू झालंय!" पण हलगीपुढं तिचं कोण ऐकतो.

नवरा धावत बापाकडं गेला. "आबा! खेळ संपला न्हाई! अजून लई वेळ हाय!"

"निकाल झाल्यावर कसला खेळ?"

"पुन्हा गोल करता येतात यात!"

"मंग आधीचा कशाला केला?" मामंजी म्हणाले. कमिटीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांना हा मुद्दा बिनतोड वाटला.

पारनेरचे सर तोंड वासून उभे. टेम्पोचा प्रवास करून आले होते एका लाथेसाठी. नवरा हातापाया पडायला लागला, पण हगाम्यात पंचानं हात वर केला की तो खाली येत नाही, देव आला तरी. आणि पंच म्हणजे मामंजी, म्हणजे मग देवाचंही काही चालणार नाही. शेजारी बाईंनी पाण्याची बाटली पिशवीत टाकली, मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं. त्यांनी पोरीला एकदा पडताना पाहिलं होतं आणि तेही उताणी.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते. सुटले, असं आलं. राहिली पोरगी घरी. आणि लगेच मैदानाकडं नजर गेली. सगळ्यांच्या गुलालात ती एकटी जाळीपुढं बसली होती, पाठ मातीनं भरलेली. त्या क्षणी मला असा संताप आला की नवऱ्याचा, सासऱ्याचा, कमिटीचा आणि फुटबॉलचा सगळ्यांचा एकदम गळा धरावा. मी उठलेही असते. पण त्याआधी पोरगी उठली.

तिनं तोंड पुसलं. चेंडू काखेत धरला, दुसरा हात वर केला आणि मैदानाच्या कडेनं चालायला लागली.

आधी कोणाला कळेना. मग म्हाताऱ्यांतला एक जण ओरडला, "आरं, जोड मागतिया!" हगाम्यात ज्या पैलवानाला कुस्ती मिळाली नाही किंवा जो हरून पुन्हा लढायला तयार आहे तो असा हात वर करून मैदानाला फेरी मारतो. ज्याला त्याच्याशी लढायचं असेल त्यानं पुढं होऊन हातावर टाळी द्यायची. फेरी मारणाऱ्याला कोणी अडवायचं नाही, पंचानंसुद्धा नाही. ही गोष्ट कुठल्या साहेबानं सांगितली नव्हती. ती तिनं लहानपणापासून आजोबाच्या खांद्यावर बसून पाहिली होती.

ती मामंजींपुढं येऊन थांबली. "आबा, मी जाळीत हुबी राहते. ज्याला गोल करायचा हाय त्यानं यावं. हगाम्याच्या नियमानं."

मामंजी तिच्याकडं बघत राहिले. त्यांच्या मिशा हलल्या. मग त्यांनी हलगीवाल्याकडं बोट केलं.

पहिली टाळी त्या लंबाडीनंच दिली, डोक्यावरचा फेटा आवरत. चेंडू मारला, पोरीनं कुशीवर पडून बाहेर ढकलला. हलगी कडाडली. मग पारनेरच्या दुसऱ्या मुली आल्या. मग लंगोट लावून कुस्तीसाठी थांबलेले पैलवान आले. एवढाली धूडं, पण पायात नेम नाही. एकानं अंगठ्यानं मारला आणि अंगठा धरून खाली बसला. सरपंच चप्पल घालूनच आले. त्यांची चप्पल जाळीत गेली आणि चेंडू जागेवरच राहिला. त्यांच्या माणसांनी गोल मागितला. मामंजींनी निकाल दिला, "चपलेचा धरत न्हाईत." काही चेंडू आतही गेले, नाही असं नाही. गेला की ती स्वतः आणायची, समोरच्याच्या हातात द्यायची आणि पुन्हा हात वर करायची. माती अंगावर, गुलाल केसात, आवाज बसलेला, आणि तरी "या, या" चाललेलं.

नवराही आला. हा माणूस जर्मनांसारखी पावलं मोजत मागं गेला, जपान्यांसारखा वाकला, ब्राझीलसारखा नाचत पळत आला, आणि चेंडू भेळेच्या गाडीवर. चुरमुरे उडाले. मांडवातल्या बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या, मीसुद्धा. हसताना माझ्या ध्यानात आलं की बाईंनी पाण्याची बाटली पुन्हा बाहेर काढून ठेवली आहे.

उन्हं कलली तेव्हा बाई उठल्या, मैदानात गेल्या, पोरीशी काही बोलल्या. मग नवऱ्याजवळ आल्या. आम्हा बायकांनाही ऐकू गेलं, इतकं सगळं गाव शांत झालं होतं.

"मला ही मुलगी हवी," बाई म्हणाल्या. "जूनपासून पाठवा. पण आधीच सांगते, दिवाळी आणि उन्हाळा सोडून घरी सोडत नाही. घरी कोणाला विचारायचं ते विचारून घ्या."

नवऱ्यानं बापाकडं पाहिलं. ज्यांनी आयुष्यभर असल्या बाबतीत मला कधी विचारलं नाही ते मामंजी मांडवाकडं वळले आणि म्हणाले, "तिच्या आईला विचारा."

सगळ्या हगाम्यानं माझ्याकडं पाहिलं. पोरीनंही. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला सांगता येणार नाही, पण ते मला बघवेना. दिवाळी आणि उन्हाळा! मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं भलतंच.

"मला बी एक मारायचाय."

बायका खिदळल्या. मी सतरंजीवरून उठले, चपला काढल्या, पदर खोचला. मैदानात गेले आणि पोरीच्या हातावर टाळी दिली. "हगाम्याच्या नियमानं," मी म्हटलं. "चेंडू जाळीत गेला तर तू घरी ऱ्हायची. अडवलास तर जा."

लोक पुन्हा हसले. त्यांना वाटलं गंमत. पोरगी हसली नाही. ती माझी पोरगी आहे, तिला कळलं.

"आई, खरंच?"

"मामंजी, तुमी पंच हाय ना? मग ऐकलं तुमी."

मामंजींनी मान डोलावली. नवरा काहीतरी बोलायला पुढं आला, त्यांनी त्याला हातानं मागं सारलं.

मी आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता. पण आमची थोरली म्हैस हट्टाला पेटली की तिला गोठ्यात पायानंच ढकलावं लागतं, रोज, कित्येक वर्षं. माझ्या पायात किती जोर आहे ते गावाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मी धावत गेले आणि जीव खाऊन मारला. खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला गोल हवा होता. चेंडू जमिनीलगत सणसणत डाव्या कोपऱ्याकडं गेला. दिवसभरात तसा चेंडू कोणी मारला नव्हता, पारनेरच्या लंबाडीनंसुद्धा नाही. मनात म्हटलं, आईचा आहे, सोडील.

ती झेपावली. आख्खी लांब झाली, खांद्यावर पडली, कुशीवर लोळली आणि थांबली. हलगी वाजली नाही. हलगीवाला वाजवायचं विसरला होता.

दिवसभर सगळ्यांचे चेंडू तिनं बाहेर ढकलले होते. माझा तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. मी जवळ गेले, खाली बसले. तिचे खांदे हलत होते.

"दे इकडं चेंडू," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि तो आणखी घट्ट धरला.